सोळा किलोची पिशवी आणि कार्तिकातली परिक्रमा

आप्पा, नमस्कार.

चोपडा तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. वय ४६. घरी केळी आणि कापूस. मुलगा पुण्याला शिकतो. सासूबाई ७४ वर्षांच्या, हिंडत्या-फिरत्या आहेत, पण बीपीच्या गोळ्या चालू आहेत. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले होते. झोक्यावर बसल्या बसल्या मैत्रिणींना बोलून गेले की या कार्तिकात नर्मदा परिक्रमा उचलायची, पायी. बोलल्यावर लक्षात आलं की हे कितीतरी वर्षांपासून मनात होतं. सासूबाई म्हणाल्या, "येडी व्हयनी का वं?" हे मात्र काहीच बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त जड गेलं.

मी लगेच तयारीला लागले. पिशवी भरली आणि कापसाच्या काट्यावर ठेवली, तर सोळा किलो. तंबू, छोटा स्टोव्ह, दोन भांडी, दादरचं (ज्वारीचं) पीठ, डाळ-तांदूळ, मिरची-मसाला, दहा दिवस कोणाकडे काही मागायला नको इतका शिधा, चार साड्या, दोन ड्रेस, चादर, ब्लँकेट, औषधं. माझं स्वतःचं वजन ५८. सध्या पहाटे चार-पाच किलोमीटर चालते. लग्नाआधी एकदा चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी गेले होते, तेवढाच अनुभव. घरातला सगळा हिशेब, वेचणीवाल्या बायांचे पैसे, सासूबाईंच्या गोळ्या, सालदाराची उचल, सगळं माझ्या हातात. शरीर तयार होईल का? मनाची तयारी कशी करतात? आणि अर्ध्यातून परत यावं लागलं तर गावात तोंड कसं दाखवू?

— तुमची एक वाचक


ताई, नर्मदे हर.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही, येडी नाही व्हयनी. पाय धडके आहेत, हाताशी जवळपास पाच महिने आहेत आणि इच्छा आजची नाही. तुमच्यापेक्षा वयानं मोठ्या बायका दरवर्षी ही वाट चालतात.

पण पत्र दोनदा वाचलं आणि तुमच्या पायांपेक्षा मला त्या पिशवीचीच काळजी जास्त वाटली. वजन जास्त आहे हे खरंच. तुमच्या अंगाच्या चौथाईहून अधिक भरतं ते. माझा आक्षेप मात्र वजनामागच्या विचाराला आहे. तंबू कशाला? कोणाच्या ओसरीवर जागा मागायला नको. स्टोव्ह आणि दहा दिवसांचा शिधा कशाला? कोणाच्या दारात उभं राहायला नको. आणि त्याच पत्रात पुढे तुम्ही सांगता की घरातला सगळा कारभार माझ्या हातात. दोन्हीकडे सवय एकच आहे, ताई. सगळं आपण उचलायचं, कोणावर भार टाकायचा नाही. घर चालवायला ती सवय फार कामाची. पाच महिन्यांच्या वाटेवर तीच आधी खांदे मोडते आणि मग मन. मनाची तयारी कशी करतात असं विचारलंत ना, ती इथून सुरू करा: दुसऱ्याचं घ्यायला शिका आणि आपलं दुसऱ्याच्या हातात द्यायला शिका.

आपण खानदेशी माणसं द्यायला पुढे असतो. घरी आलेल्याला भरीत-भाकरी खाऊ घातल्याशिवाय उठू देत नाही. पण दुसऱ्याच्या दारात "ताई, आज रात्री आसन लावू का इथं?" असं विचारायची वेळ आली की घशात आवंढा येतो. परिक्रमेची सगळी व्यवस्था मात्र याच प्रश्नावर उभी आहे. दोन्ही काठांवर आश्रम आहेत, धर्मशाळा आहेत, देवळं आहेत, आणि त्याहून जास्त साधी घरं आहेत. कुठे तयार जेवण मिळतं, कुठे सदाव्रत, म्हणजे पीठ-डाळ-तांदूळ हातात देतात आणि तुम्ही शिजवून घ्यायचं. सकाळी बालभोगाला चहा-पोहे देऊन वाटेला लावतात. ज्याच्या घरी स्वतःला पुरेसं नाही असा माणूसही हाक मारून थांबवतो, आणि तुम्ही "नको, माझ्याकडे आहे" म्हणालात तर त्याला वाईट वाटतं. गडाची पदयात्रा आठवा. चैत्रातल्या उन्हात रस्त्यावरचा अनोळखी माणूस पाणी द्यायचा, टरबुजाची फोड हातात ठेवायचा, तेव्हा तुम्ही संकोच केला होता का? तेव्हा कुणाची मुलगी होतात म्हणून सोपं होतं. आता घरची कर्ती बाई आहात म्हणून अवघड जातं, एवढाच फरक.

याचा सराव करता येतो. मुक्ताईची पालखी आषाढीच्या सुमारे महिनाभर आधी मुक्ताईनगरहून निघते, राज्यातल्या सर्वांत लांब पल्ल्याच्या पालख्यांपैकी ती एक. ती निघायचीच वेळ आहे. मलकापूर, मोताळा करत बुलढाण्यापर्यंत तीन-चार दिवस तिच्याबरोबर चाला. ओळखीच्या दिंडीत जाऊ नका. सोबत डबा नको, शेंगदाणे-गुळाची पुडी तेवढी चालेल. जिथे जेवायला वाढतील तिथे बसायचं, जिथे जागा मिळेल तिथे अंथरायचं. शाळेच्या व्हरांड्यात, घोरणाऱ्या चार बायकांच्या मधे झोप लागते का ते बघा. लागली नाही तरी दुसऱ्या दिवशी चालता येतं का ते बघा. परिक्रमेत पहिले पंधरा दिवस झोपेचेच हाल होतात, पायांचा नंबर नंतर लागतो.

आता पिशवी. पाण्यासकट आठ किलोच्या आत आली पाहिजे. तंबू, स्टोव्ह, भांडी, शिधा घरी. एक ताट-वाटी आणि पेला पुरे. साड्या चार नकोत. चालायला सलवार-कुर्ता बरा, दोन जोड, झटपट वाळणाऱ्या कापडाचे. जाड सुती कपडा रात्री वाळत नाही आणि सकाळी ओला पिशवीत घातला की तोच अर्धा किलो जास्त होतो. आश्रमात किंवा पूजेला नेसायची असेल तर एक हलकी साडी ठेवा, आग्रह असेल तरच. एक स्वेटर, कानटोपी, पायमोजे तीन जोड. ब्लँकेटऐवजी हलकी स्लीपिंग बॅग घ्या, किलो-सव्वाकिलोची मिळते. खाली टाकायला फोमची पातळ चटई आणि एक प्लास्टिकचा कागद, तोच पावसात पिशवीवर. विजेरी, पॉवर बँक, आधार कार्ड, थोडी रोकड, नर्मदाजलाची कुपी, लाठी. ओंकारेश्वरहून परिक्रमावासी असल्याचं प्रमाणपत्र घ्या. पुढे ठिकठिकाणी त्यावर शिक्के मारून घेतात आणि आश्रमात ते दाखवायला लागतं.

पिशवी कंबरपट्ट्याची हवी. ओझं खांद्यांवर न लटकता कमरेच्या हाडांवर बसलं पाहिजे. पट्टा आवळल्यावर खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली तर माप बरोबर. दुकानात रिकामी घालून बघू नका, सात-आठ किलो भरून अर्धा तास दुकानातच फिरा. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या.

बुटांचं. यावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण परिक्रमा सोडून परत आलेल्या माणसांशी बोललात तर दम लागल्याची तक्रार क्वचित ऐकू येते, तळपायाची आणि गुडघ्याची हमखास. एवढ्याशा ओझ्याला जड चामडी बूट लागत नाहीत. चांगल्या तळव्याचे चालायचे बूट पुरतात. रोज वीस किलोमीटर चाललं की पाय सुजतो आणि पसरतो, म्हणून नेहमीपेक्षा एक नंबर मोठा घ्या आणि खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभर उभं राहून पाय फुगलेला असताना. पुढे अंगठ्याला बोटभर मोकळीक हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. नवे बूट घालून निघायचं नाही. शंभर-दीडशे किलोमीटर चालून ते पायाचे झाले पाहिजेत, पण तळवा घासूनही गेला नसला पाहिजे, म्हणजे खरेदी भाद्रपदात. वाटेत एकदा तरी बूट बदलावे लागतील असं धरूनच चला. अनवाणी चालायचा नवस असेल तर माझा विरोध आहे, आणि तो मी बदलणार नाही.

चालताना तळपायाला कुठे चुरचुरलं, गरम वाटलं, तर तिथेच थांबायचं. पुढच्या गावात बघू म्हणायचं नाही. बूट काढा, पाय कोरडा करा, कागदी चिकटपट्टी लावा. फोड आलाच आणि टरारून दुखत असेल तर तापवून गार केलेल्या सुईनं कडेला भोक पाडून पाणी काढा, वरची कातडी मात्र ओढून काढू नका. ती राहिली तर खालची लवकर भरते. रोज रात्री पाय धुऊन, पुसून, बोटांच्या बेचक्यांत बघायचं आणि सकाळी निघताना व्हॅसलीन चोळायचं. नखं आठवड्याला. हे नियम देवपूजेइतके नेमानं पाळा. आणि आधी रक्तातली साखर तपासून घ्या. मधुमेह निघाला तर पायाच्या जखमेचं सगळं गणित बदलतं आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघायचं नाही. त्याच खेपेला हिमोग्लोबिन, बीपी, बी-१२ बघून घ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. पाळी चालू असेल, अनियमित झाली असेल, तर तेही डॉक्टर बाईंशी मोकळेपणानं बोला; पाच महिन्यांची सोय सोबत बाळगायची की वाटेत घ्यायची हे आधी ठरलेलं बरं. आश्रमांमधे काही ठिकाणी त्या दिवसांबद्दलचे जुने नियम आहेत. कुठे पाळायचे आणि कुठे गप्प राहायचं ते तुम्ही ठरवा, मी पुरुष माणूस त्यात बोलत नाही.

शरीराचा सराव दमानं. सध्याचे पाच किलोमीटर दर आठवड्याला थोडे थोडे वाढवा, साधारण दहा टक्के, आणि दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करा. दम महिन्याभरात वाढतो, स्नायूही लवकर तयार होतात, पण घोट्याच्या, गुडघ्याच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) आणि सांध्यांचे बंध फार सावकाश मजबूत होतात. उत्साही माणसं फसतात ती इथेच. दम आहे म्हणून अंतर वाढवत जातात आणि सहाव्या आठवड्यात टाच धरते. पिशवी जुलैपासून पाठीवर घ्या, तीन किलोपासून, आठवड्यातून दोन-तीनच दिवस. उठाबशा, टाचा उचलणं आणि जिना उतरणं. चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव जास्त हवा, गुडघ्यावर भार उतारात येतो. लाठी उतारावर पुढे टेकवून चाला, ती शोभेसाठी नाही.

पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात चालणं म्हणजे प्रत्येक बुटाला किलोभर चिखल, तेव्हा डांबरी रस्ता धरा. चोपड्याहून अडावदमार्गे उनपदेवला जा, गरम कुंडात पाय शेकून या. आणि मुद्दाम भिजा. ओल्या मोज्यांत चालल्यावर पायाचं काय होतं हे घराजवळ कळलेलं बरं. श्रावणातले कानबाईचे रोट आटोपले, पाहुणे गेले, की लागोपाठ दोन दिवस पंधरा-पंधरा किलोमीटर. भाद्रपदात मनुदेवीच्या देवळापर्यंत. नवरात्राच्या आसपास लागोपाठ तीन दिवस वीस-वीस, पूर्ण पिशवी घेऊन. तिसऱ्या दिवशी सकाळी उठताना जे वाटेल तेच परिक्रमेतलं रोजचं वाटणं. एकदा तोरणमाळचा घाट पायथ्यापासून चढून उतरा. अकराशे मीटरच्या वरचं ठिकाण आहे आणि परिक्रमेत शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे नर्मदाकाठच्या जंगलात, ज्या डोंगरांतून जायचं तेच हे डोंगर, तोच सातपुडा. दिवाळीच्या सुमाराला अस्तंब्याच्या यात्रेला आपली हजारो माणसं रात्रीची डोंगर चढतात. तुम्हाला त्या गर्दीत जायची गरज नाही, निघण्याच्या तोंडावर पाय मुरगळला तर पाच महिने पाण्यात.

एवढं सगळं करूनही पायांना खरी सवय वाटेवरच लागते. म्हणून पहिले दहा दिवस बारा-पंधरा किलोमीटरच्या वर जायचं नाही, कोणी कितीही पुढे पळालं तरी.

घराकडे येतो. तुमचे हे काही बोलले नाहीत. मला वाटतं त्यांना परवानगीचा प्रश्न पडलेला नसावा, कापसाचा पडला असेल. कार्तिक म्हणजे वेचणीचा ऐन हंगाम. पाच महिने बायको नाही यापेक्षा आठवडे बाजाराच्या आदल्या दिवशी वेचणीवाल्यांचा हिशेब कोण करणार, हे त्यांना आत्ताच दिसत असणार. ते बोलत नाहीत तर तुम्ही बोला, आणि भावनेचं बोलू नका, वही घेऊन बसा. कोणाची किती उचल, किलोमागे काय भाव, केळीवाल्या व्यापाऱ्याकडे किती बाकी, गोळ्या कुठल्या दुकानातून, गॅसचा नंबर कुठे नोंदवलाय. मग ती वही त्यांच्याकडे द्या आणि परत मागू नका. पालखीबरोबर जाल ते तीन-चार दिवस आणि श्रावणानंतर सलग आठ दिवस बहिणीकडे राहायला जाल ते दिवस, ही घराची तालीम समजा. त्या आठ दिवसांत भाजी खारट होईल, कोणाला तरी दोनदा पैसे दिले जातील. परत आल्यावर ते निस्तरू नका. ज्यांनी केलं त्यांना निस्तरू द्या. हे तुम्हाला वीस किलोमीटर चालण्यापेक्षा जड जाईल असा माझा अंदाज आहे.

सासूबाईंच्या गोळ्या त्या स्वतः घेऊ शकतात का, हेही बघा. ७४ वर्षांच्या हिंडत्या-फिरत्या बाईला सात खणांची गोळ्यांची डबी आणून दिली तर बहुतेक वेळा ती म्हणते, मला कधीच कोणी विचारलं नाही.

आता परत येण्याचं. नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर, दोन्ही काठ मिळून २,६०० च्या वर, आणि धरणांच्या फुगवट्याला वळसे घालताना त्याहून जास्त. एवढा आकडा डोक्यात घेऊन कोणी चालू शकत नाही, तो विसरा. पण नकाशा नीट बघा, कारण त्यात खानदेशच्या माणसासाठी एक खास अडचण आहे. तुम्ही भुसावळहून गाडीनं खंडव्याला, तिथून ओंकारेश्वरला जाणार. नदी उजव्या हाताला ठेवून दक्षिण काठानं पश्चिमेकडे निघणार. म्हणजे पहिले तीन आठवडे तुम्ही चालताय ते घराला समांतर! निमाडी कानाला परकी वाटणार नाही, शेतात तोच कापूस, तीच केळी. बडवानीला पोचलात की सेंधवा-शिरपूरमार्गे अर्ध्या दिवसात घर. पुढे धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात शिरलात की आपलाच नंदुरबार जिल्हा, राज्यात नर्मदा फक्त तिथेच येते. तिथे पाय सगळ्यात जास्त दुखणार, कारण सरदार सरोवराच्या पाण्याखाली काठची जुनी वाट गेली आणि आता डोंगरधारेनं चढउतार करत जावं लागतं. अंग मोडलेलं, मन उदास आणि शहाद्याची गाडी मिळायला अवघा एक डोंगर उतरायचा. अंकलेश्वरला पोचाल तेव्हा ज्या बुऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर चोपडा आहे त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला असाल. पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या माणसाला हा मोह होत नाही. तुम्हाला होईल, आणि तोही पाय रुळायच्या आधी.

म्हणून घरी बसूनच, ह्यांच्यासोबत, एका कागदावर लिहा की कशासाठी परत यायचं आणि कशासाठी नाही. तीन दिवस न उतरणारा ताप, पायाची चिघळलेली जखम, लंगडत चालावं लागेल असं गुडघ्याचं दुखणं, घरात कोणाला दवाखान्यात भरती करावं लागलं, तर परत. वेचणीला बाया मिळत नाहीत, व्यापाऱ्यानं पैसे थकवले, सासूबाई रुसल्या, दिवाळीनंतर अमक्याचं लग्न निघालं, तर नाही. आणि एक नियम: परतायचा निर्णय संध्याकाळी घ्यायचा नाही, उपाशीपोटी तर नाहीच. दिवेलागणीला, अनोळखी ओसरीवर, आपलं अंगण आठवून रडू येतंच. त्या वेळेला हाताला काम ठेवा: मोजे धुणं, पाय बघणं, वहीत दोन ओळी. फार वाटलं तर तिथेच एक पूर्ण दिवस मुक्काम करा, पोटभर जेवा, झोपा, आणि त्यानंतरच्या सकाळीही तेच वाटलं तर खुशाल निघा.

घरी फोन रोज करू नका. आठवड्यातून दोन ठरलेले दिवस पुरेत. रोज फोन केलात की पंधरा दिवसांत घरचा सगळा कारभार पुन्हा तुमच्या हातात येईल, फक्त आता तो डोंगरावरून चालवावा लागेल. झाडीत बऱ्याच ठिकाणी रेंज नसते हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दोन दिवस फोन लागला नाही म्हणून तुमचे हे जीप घेऊन धडगावला येतील.

गावात तोंड कसं दाखवायचं? हा प्रश्न उद्भवतो तो निघताना गावजेवण आणि चौकात हार घातलेला फोटो लावल्यामुळे. फलक लावू देऊ नका. भाचे-पुतणे ऐकणार नाहीत, तरी बजावून सांगा. एकदा फलक लागला की फोड चिघळलेला असतानाही माणूस चालत राहतो, आणि तसं चालणं धोक्याचं. काय ते मावंदं परत आल्यावर घाला. आणि आलातच मधे, तर जिथे थांबलात तिथून पुढच्या वर्षी पुन्हा चालता येतं. तुकड्या-तुकड्यानं खंड परिक्रमा करणारे कितीतरी जण आहेत, मैया कोणाला हजेरी विचारत नाही.

थोडं वाटेबद्दल. कार्तिकात निघून रोजचे वीस-बावीस किलोमीटर आणि अधूनमधून विश्रांती असा हिशेब धरला तर डिसेंबरात समुद्राजवळ पोचाल. तिथे संगमावरून नावेनं उत्तर काठावर जायचं असतं आणि नाव भरती बघून सुटते, तेव्हा एक-दोन दिवस थांबायची तयारी ठेवा. मग भर थंडीत उत्तर काठ, फेब्रुवारीत अमरकंटक. ते हजार मीटरच्या वर आहे, रात्री अंग गोठतं. तिथून उतरलात की स्लीपिंग बॅग आणि स्वेटर पोस्टानं घरी पाठवून द्या, कारण शेवटचा महिना-सव्वा महिना उन्हाचा. आपल्याला वाटतं, ४५ अंश बघितलेली माणसं आपण. पण जळगाव-भुसावळचा शहाणा माणूस मे महिन्यात बारा ते चार घरात असतो, डोक्यावर पिशवीचं ओझं घेऊन फिरत नाही. मार्चअखेरपासून उजाडता उजाडता निघायचं, साडेदहाला सावली गाठायची, चारनंतर पुन्हा. लिटरभर पाण्यात सहा लहान सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे पाठ करून ठेवा. पाकिटं संपली तरी भागतं. नदीचं पाणी आचमनापुरतं घ्या. प्यायला उकळलेलं, नाहीतर क्लोरीनची गोळी टाकलेलं.

अंधारात चालायचं नाही, चार-पाच वाजेपर्यंत मुक्काम गाठायचा. एकटीनं निघालात तरी झाडीत एकटीनं शिरू नका. बडवानीपर्यंत तुमच्या चालीच्या दोन-चार बायका किंवा एखादं जोडपं भेटतंच, त्यांच्याबरोबर व्हा. आश्रमात पोचल्यावर आधी तिथे कोणी बाई राहते का ते बघा. नसेल आणि मनाला पटत नसेल तर पुढच्या वस्तीवरच्या घरात विचारा, संकोच करू नका. जुन्या वर्णनांत झाडीत परिक्रमावासींना लुटल्याच्या गोष्टी येतात. आज त्याच भिल्ल-पावरा वस्त्यांमधून भाकरी मिळते आणि पोरं वाट दाखवायला बरोबर येतात. त्यांना वाटाड्याचे पैसे द्या, पुण्य देऊन भागवू नका. माझी भीती आहे ती हमरस्त्यावरच्या ट्रकची. रस्त्यानं चालताना उजव्या कडेनं, समोरची गाडी दिसेल असं. दुसरी नदीची: धरणांखाली पाणी अचानक वाढतं आणि काही पट्ट्यांत मगरी आहेत, म्हणून आंघोळ गावकरी करतात त्याच घाटावर.

बडवानीत पोचलात की कापसाचा काटा कुठेतरी दिसेलच. त्यावर पिशवी पुन्हा ठेवा. पहिल्या दहा दिवसांत ज्या वस्तूला हात लागला नाही ती, औषधं सोडून, तिथूनच परत पाठवा. तुमच्या ह्यांना ती घ्यायला बडवानीला यायचं असेल तर येऊ द्या, बरोबर जेवा, पाय दाखवा त्यांना. फक्त त्या दिवशीची वेचणीची वही त्यांनी सोबत आणलेली असेल, ती उघडू नका.

आणि दातांचं काही काम राहिलं असेल तर ते पितृपक्षाच्या आत उरकून घ्या.

— आप्पा